सतरा नंबरचा बिल्ला

दातिवरे,
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

चि. सुजीत यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. घरात फोन आहे, त्याला रेंजही आहे. पण तुझे भावोजी घरी असले की त्यांचे कान माझ्या फोनकडे असतात, आणि ते कारखान्यात गेले की सासूबाईंचे. म्हणून लिहिते आहे. रखमाबाई एक दिवसाआड मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते, ती हे पत्र प्रियंकाच्या हातात देईल. सोबत सुके बोंबील आहेत. ते प्रियंकासाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत, हे तिला माझं नाव घेऊन सांग.

एक तारखेला मासेमारीची बंदी उठली आणि बंदरावर पाय ठेवायला जागा उरली नाही. पापलेट कमी आहे, कोळंबी बरी निघते. बर्फाला तर रांग. शेठच्या बर्फ कारखान्याची मशीन थांबतच नाही, आणि बारा वर्षं ती चालवणारे तुझे भावोजी तिच्या उशाशी बसून.

आता खरं ते लिहिते. मला भीती वाटते आहे, आणि कशाची ते नीट सांगता येत नाही. दोन महिन्यांपासून हे बदलले आहेत. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे ऐकत बसतात. आपलं घर आणि कारखाना यांच्यात एवढासा बोळ, त्यामुळे मशीनचा आवाज मला कधीचाच ऐकू येईनासा झाला होता. आता यांच्यामुळे मीही ऐकू लागले आहे. दाराशी पाण्याची बादली आणि दोन टॉवेल कायम भिजवून ठेवायला लावतात. परवा रविवारी सपनाला आणि धाकट्याला सफाळ्याला आत्याकडे नेऊन ठेवलं. शाळा बुडते आहे म्हटलं, तर म्हणाले की आत्याला करमत नाही. आत्याच्या घरात सात माणसं आहेत, सुजीत. तिला करमत नाही?

काही विचारलं की एकच उत्तर देतात, की काय नाय, मशीनवर तुझ्या भावाचा बिल्ला हाय. आणि हे बोलताना माझ्याकडे बघत नाहीत.

तू एवढ्या मोठ्या मंडळातला इंजिनिअर. मशीन ठीक आहे ना, एवढंच दोन ओळीत कळव, म्हणजे मी झोपेन.

आहेस तसाच सुखात राहा आणि ताईवर माया ठेव.
तुझी,
भाविकाताई


बोईसर,
शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
सुजीतचा शि. सा. न. वि. वि.

बोंबील पोचले. प्रियंकाने तुझा निरोप शब्दशः पाळला आणि मला फक्त वास घेऊ दिला. याचा जाब नारळी पौर्णिमेला विचारीन.

ताई, तू उगाच जीव टांगणीला लावतेस. सीझन सुरू झाला की मशीनवाल्या माणसाची झोप उडतेच. आमच्या मंडळात बघ, त्रेसष्ट इंजिनिअर आणि एकाच्याही चेहऱ्यावर झोप पुरी झाल्याची खूण नाही. त्यातून आमच्या सभागृहाचा एसी मार्चपासून बंद आहे. शीतकरण व वातानुकूलन अभियंता मंडळाचा एसी! तो कोणी उघडायचा यावर दोन सभा झाल्या, आणि आता त्यासाठी उपसमिती नेमली आहे. अध्यक्ष खंडेराव सर हातपंख्याने वारा घेत सभा चालवतात. ते ब्याऐंशीचे झाले, पण अजून आवाजावरून मशीनचं दुखणं सांगतात.

बिल्ल्याची पद्धत त्यांचीच, हे तुला ठाऊक आहे. बंदीच्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरचे सगळे बर्फ कारखाने आम्ही फुकट तपासतो. ज्याने तपासलं त्याने आपल्या नंबरचा (माझा सतरा) पितळी बिल्ला स्वतःच्या हाताने मशीनला बांधायचा, आणि मग तिथेच, मशीनच्या खोलीत बसून, कामगारांबरोबर चहा प्यायचा. जिथे चहा प्यायला भीती वाटते तिथे बिल्ला लावू नका, असं सर दरवर्षी सांगतात. यंदा माझ्या नावावर अकरा कारखाने आहेत, सगळ्यांत जास्त. पंचवीस तारखेच्या वार्षिक सभेत सत्कार आहे आणि सचिवपदासाठीही माझं नाव निघालं आहे. तू आलीच पाहिजेस.

तेव्हा मशीनवर बिल्ला आहे म्हणजे काळजीचं कारण नाही. तरी एक काम कर, भावोजींना न विचारता. डबा द्यायला जाशील तेव्हा दाबाच्या घड्याळाचा काटा लाल रेषेच्या किती अलीकडे आहे ते बघ. आणि बिल्ला नेमका कुठे बांधला आहे तेही बघून कळव.

भेटीची वाट पाहतो. लहान भावावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझा,
सुजीत


दातिवरे,
सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

चि. सुजीत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा बरं वाटलं, तिसऱ्यांदा थांबले. बिल्ला कुठे बांधला आहे ते मी बघून तुला सांगायचं? तो तू बांधलास ना?

काल डबा घेऊन गेले. बिल्ला मोठ्या टाकीच्या नळीला आहे, साध्या सुतळीने बांधलेला. तू नेहमी तार वापरतोस. काटा लाल रेषेच्या बोटभर अलीकडे होता. मी बघत असतानाच मशीन थंड ठेवणारी पाण्याची मोटर घरघर करून बंद पडली आणि काटा सरकायला लागला. हे उठले. एका हाताने मशीनचं बटण बंद केलं, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर काढलं. दारात थांबले नाहीत. बोळातून, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून, थेट खाडीच्या काठापर्यंत. माझी एक चप्पल वाटेतच राहिली. तिथे उभे राहून कारखान्याकडे बघत होते, आणि ओठ हलत होते. मनगटावर अजून बोटांचे वळ आहेत. बारा वर्षांत या माणसाने मला असं धरलेलं नाही.

दहा मिनिटांनी म्हणाले की चल, थंड झाली. मी विचारलं की काय झालं असतं. म्हणाले, काय नाय, तू घरी जा.

आणि सुजीत, तुझ्या पत्रातला चहा. दरवर्षी तू तपासायला येतोस तेव्हा चहाची किटली मी पाठवते. आलं घालून, तुझ्यासाठी साखर कमी. मागच्या वर्षी पाठवली, त्याच्या आदल्या वर्षी पाठवली. यंदा मी किटली पाठवलेली नाही. परवापासून मी स्वतःला समजावते आहे, की तू घाईत आला असशील, टपरीवरून मागवला असशील. पण दातिवऱ्यात येऊन तू मला न भेटता गेलास, असं माझ्या मनाला काही पटत नाही.

मोठी बहीण म्हणून विचारते, सरळ उत्तर दे. तू यंदा आला होतास का?

वाट बघते आहे.
ताई


बोईसर,
बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही आलो.

जूनमध्ये तारापूरला कंपनीचं मोठं काम निघालं आणि मला वीस दिवस बाहेर पडता आलं नाही. दहा कारखाने मी खरंच तपासले, ताई, प्रत्येक नळीला हात लावून. अकरावा तुमचा राहिला. मनात म्हटलं, तिथे तर भावोजी आहेत, माझ्यापेक्षा त्या मशीनला तेच जास्त ओळखतात. म्हणून बिल्ला वर्तमानपत्रात गुंडाळून रखमाबाईच्या हाती पाठवून दिला आणि वहीत तपासणीची तारीख लिहिली. परका कारखाना असता तर मी असं केलं नसतं. घरचा होता म्हणून केलं.

पाण्याची मोटर बंद पडली तरी माणसाने पळायला नको. दाब फार वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि गॅस उंच धुराड्यातून वर निघून जातो, त्यासाठीच तो असतो. भावोजी पळाले याचा अर्थ तो उघडणार नाही असं त्यांना वाटतं. तसं असेल तर टाकी फुटेल. त्या मशीनमधला गॅस, अमोनिया, काय करतो ते मी शिकाऊ असताना एका कारखान्यात पाहिलं आहे. तो माणूस जगला, पण डोळे गेले, त्याला त्याच्या मुलीचं तोंड पुन्हा दिसलं नाही. तुमची भिंत तिथून दोन हातांवर आहे.

काल भावोजींना फोन केला. म्हणाले, सगळं बरं हाय, तुमी काळजी करू नका, आणि ठेवला. नंतर उचलतच नाहीत. खंडेराव सरांच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. न तपासता बिल्ला दिला हे कळलं तर मंडळातून नाव जाईल, आणि कंपनीतही हे कळल्याशिवाय राहणार नाही.

ताई, पाया पडतो, रविवारपर्यंत कोणाला काही सांगू नकोस. रविवारी मी एकटा गुपचूप येतो, व्हॉल्व्ह बघतो, काय असेल ते नीट करतो. कोणालाच काही कळायची गरज पडणार नाही. तोवर तू सासूबाईंना घेऊन सफाळ्याला जा. ते जमलं नाही तर एवढं लक्षात ठेव. नाकात झोंबणारा वास आला तर ओला टॉवेल तोंडाला लाव आणि वाऱ्याला आडवं पळ. वारा जिकडे जातो तिकडे पळायचं नाही.

रागाव, पण तुटू नकोस.
तुझा,
सुजीत


दातिवरे,
शुक्रवार, १६ ऑगस्ट २०२४

चि. सुजीत,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. तेव्हा झेंडावंदन करून शाळेची पोरं कारखान्याच्या भिंतीला टेकून लाडू खात होती. होड्या आल्या होत्या, बर्फाच्या रांगेत चाळीस तरी बायका होत्या, टोपल्या मांडून. माझ्या पोरांना यांनी सफाळ्याला पोचवलं होतं. ही पोरं कोणाची होती?

रविवारपर्यंत थांब असं तू लिहिलंस. मी पत्र वाचून संपवायलाही थांबले नाही. रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, की मशीनवरचा बिल्ला खोटा हाय, माझ्या भावाने मशीन बघितलेलीच नाय, पोरांना घेऊन खाडीकडे चला. आवाज माझा असा फाटला की कोणाला आधी कळेचना. मग तुझ्या पत्रातलं ते आंधळ्या माणसाचं वाचून दाखवलं. पुढच्या क्षणी टोपल्या तिथेच आणि बायका पोरांना काखोटीला मारून वाळूत.

शेठ धावत आला. एवढ्या होड्या बंदरात, मासळी सडली तर कोण भरून देणार, बाईला वेड लागलंय, घरात डांबा, असं काय काय बोलला. हे मशीनच्या खोलीच्या दारात उभे होते. मला वाटलं मला मारतील. ते वळले, आत गेले आणि मशीन बंद केली. शेठ ओरडत राहिला. हे दाराशी खाली बसले ते उठले नाहीत.

बिल्ल्यावर मंडळाचा फोन नंबर कोरलेला आहे. त्यावर मीच फोन केला. दुपारी खंडेराव सर आणि मंडळाचे तिघे जण आले. त्यांच्यात तू नव्हतास. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली नळाच्या तोटीसारखा एक कॉक असतो म्हणे, तो बंद असला तर व्हॉल्व्हपर्यंत गॅस पोचतच नाही, म्हणून तो कायम उघडा पाहिजे. तो बंद होता आणि तो फिरवायचा दांडाही काढलेला होता. सर म्हातारे आहेत म्हणून कोणीतरी खुर्ची आणून दिली. त्यांनी तिघांना आधी सगळा गॅस सुरक्षित करायला लावला, मगच बसले. मला म्हणाले की पोरी, मोटर बंद पडल्यावर मशीन दहा मिनिटं आणखी चालू राहिली असती तर मी त्याच दिवशी वेगळ्या कामाला आलो असतो.

तुझं नाव मी चाळीस बायकांसमोर घालवलं. मला त्याचं वाईट वाटतं आणि पश्चात्ताप होत नाही.

जे असेल त्याला तोंड दे.
ताई


बोईसर,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
नमस्कार.

काल तातडीची सभा झाली. माझं नाव मंडळातून काढलं. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही, तेच फार लागलं. सरांनी वहीतल्या त्या तारखेवर रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली, सही करायला. उद्या कंपनीत बोलावलं आहे. पोलिसांत प्रकरण जाईल का, हे कोणी सांगत नाही. दाराची घंटा वाजली की प्रियंका आधी माझ्याकडे बघते.

आणि एक, तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. मी लेखी दिलं आहे. न तपासता बिल्ला पाठवला ही माझी चूक, ती मी लिहिली. पण कॉक मी बंद केला नाही. दांडा मी काढला नाही. मशीन चालवणाऱ्याने तो बंद केला आणि माझ्यापासूनही लपवला, असं लिहून भावोजींचं नाव दिलं आहे. यात खोटं काय आहे ते तू सांग. मी फोन केला तेव्हाही ते सगळं बरं आहे म्हणाले. त्यांनी तेव्हा एक शब्द सांगितला असता तर मी त्याच मिनिटाला आलो असतो.

उद्या पौर्णिमा. मी येत नाही. राखीही पाठवू नकोस.

सुजीत


दातिवरे,
मंगळवार, २० ऑगस्ट २०२४

सुजीतभाऊ यांना,
हितेशचा नमस्कार, वि. वि.

मला लिहायची सवय नाय, चुकलं तर सांभाळून घ्या. भाविकाला हे दाखवलेलं नाय. रखमाबाईला सांगितलंय की तुमच्याच हातात द्यायचं.

खंडेराव सरांनी मला तुमचा कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलंय ते खरं हाय. मे महिन्यात सेफ्टी व्हॉल्व्हमधून गॅस गळायला लागला. शेठ म्हणाला की नवीन दिवाळीनंतर बघू, आता खालचा कॉक बंद कर. मी केला. नाय म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस मशीनवर बसला असता. पण दांडा मी लपवला नव्हता. टाकीच्या वर, दारातून आत आल्यावर पहिल्यांदा नजर जाईल तिथे ठेवला होता. मला वाटलं, शेठ माझं ऐकत नाय, पण जूनमध्ये सुजीतभाऊ येतील, आल्या आल्या दांडा बघतील, शेठला धारेवर धरतील. इंजिनिअरचं शेठला ऐकावं लागतं. मला तोंड उघडायची वेळच येणार नाय. त्या भरवशावर मी जूनभर रोज खोली झाडून ठेवली.

मग एक दिवस रखमाबाई आली आणि तिने टोपलीतून वर्तमानपत्राची पुडी काढून दिली.

दोन दिवस तो बिल्ला माझ्या खिशात होता. परत पाठवला तर मंडळात विचारणार की का पाठवला, म्हणजे तुम्ही आला नाय हे निघणार. बिल्ला बांधून कॉक उघडला तर गॅस गळणार, शेठ दुसऱ्या कोणाला बोलावणार, आणि तो पहिलं बिल्ल्यावरचा नंबर वाचणार. भाविका गावात सगळ्यांना सांगते की माझा भाऊ मंडळाचा सचिव होणार. मला काय सुचेना. शेवटी मीच बांधला, सुतळीने. तुमच्यासारखी तार मला जमली नाय.

तेव्हापासून मी काटा बघत बसलो. पोरांना सफाळ्याला पाठवलं. भाविकाला पाठवता आलं नाय, कारण तिने का म्हणून विचारलं असतं आणि तिच्यापुढे मला खोटं टिकवता येत नाय. तुम्ही फोन केला तेव्हा सांगणारच होतो. पण तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही मंडळाला सांगाल, तुमचं नाव जाईल, आणि ते माझ्यामुळे होईल. म्हणून ठेवला.

यातलं काही मी सरांना सांगितलं नाय. बिल्ला कोणी बांधला असं त्यांनी दोनदा विचारलं, मी खाली बघत राहिलो. तुमच्या कागदाखाली सही केली आणि आलो. तुमच्या कागदात काय बदलू नका. ज्याने कॉक बंद केला त्याचंच नाव त्यात पाहिजे.

नवीन व्हॉल्व्ह आला. मंडळाच्या माणसांनी बसवला, तपासला, गुरुवारी सकाळी मशीन चालू करायला सांगितलंय. बटण मलाच दाबायचं हाय. सगळे म्हणतात की आता कसली भीती. पण काल मी खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो आणि पाय आत पडेना. परत आलो. भाविका म्हणते, मी उभी राहते बाजूला. तिला मी आता त्या खोलीत उभं करणार नाय. दुसऱ्या कोणाला हे सांगायची लाज वाटते.

तुम्ही याल का? लोभ उरला नसेल तर राग घेऊन या, पण गुरुवारी या.

तुमचा,
हितेश